इंग्रजांचे अंकगणित ‘लीलावती’तून चोरलेले नाही

राष्ट्रीय गणित दिनाच्या भाषणासाठी पुतणीने लिहून काढलेला मसुदा ऐकताना तिसऱ्याच वाक्याला मला तिला थांबवावे लागले. मसुदा तिचा नव्हताच. माझ्या थोरल्या बंधूंनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेला आणि त्याआधी आणखी तिघांकडून माझ्यापर्यंत आलेला मजकूर तिने वहीत जसाच्या तसा उतरवला होता. त्यातील विधाने थोडक्यात अशी: ईस्ट इंडिया कंपनी भारतात येईपर्यंत इंग्रजांना आकडेमोड येत नव्हती, त्यांचे पहिले अंकगणिताचे पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे चोरून केलेले भाषांतर, बरोबरचे चिन्हही आपल्याकडूनच गेलेले, त्यांच्याच एका जुन्या हस्तलिखितात ‘भारताच्या अल्गोर राजाने ही विद्या निर्माण केली’ अशी कबुली आहे, आणि केंब्रिजची पदवी असलेल्या त्यांच्या एका बड्या अधिकाऱ्याला २९व्या वर्षी पाढेसुद्धा येत नव्हते, यावरून त्या लोकांची बुद्धी काय लायकीची होती ते ओळखावे.

पहिल्या दोन विधानांसाठी केवळ सनावळी पाहिली तरी पुरते. कंपनीला सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. इंग्लंडमध्ये छापलेले अंकगणिताचे पहिले पुस्तक कथबर्ट टन्स्टल या धर्मगुरूचे, १५२२ सालचे आणि लॅटिन भाषेतले आहे. लेखणीने आणि चकत्यांनी हिशेब कसा करावा हे सांगणारे एक निनावी इंग्रजी पुस्तक १५३७ साली निघाले, आणि ज्या पुस्तकाने पुढची दीडशे वर्षे गाजवली ते रॉबर्ट रेकॉर्ड या वैद्याचे ‘द ग्राउंड ऑफ आर्ट्स’ १५४३ साली छापले गेले. ‘लीलावती’ ११५० सालची आहे हे खरे. पण फैजीने अकबराच्या दरबारात तिचे फारसी भाषांतर केले ते १५८७ साली, आणि जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर छापले गेले ते १८१६ साली, तेही आपल्या मुंबईत. रेकॉर्ड १५५८ सालीच वारले. जे पुस्तक त्यांच्या हयातीत फारसीतही गेले नव्हते, त्याचे भाषांतर त्यांनी चोरले असे म्हणणाऱ्याने ही चारच वर्षे एका ओळीत मांडून पाहायला हवी होती.

अल्गोर राजाबद्दल मात्र मला थोडे मान्य करावे लागेल, आणि ते मी नाइलाजाने का होईना, करतो. पंधराव्या शतकातील एका इंग्रजी हस्तलिखितात भारताच्या अल्गोर नावाच्या राजाने ही कला निर्माण केली असे वाक्य खरोखरच आहे. पण असा राजा कधी झाला नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मुसा अल-ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला, लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचे ‘अल्गोरित्मी’ झाले, आणि ते नाव कोठून आले हे विसरलेल्या कुणीतरी त्याचा राजा करून टाकला. या चुकीच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे: दहा चिन्हे आणि स्थानमूल्य भारतातून अरबी ग्रंथांमार्फत युरोपात गेले, आणि तेथील जुने लेखक हे अंक भारतीयांचे आहेत असे उघडपणे लिहीत होते. ज्याला रेकॉर्ड ‘सुवर्णनियम’ म्हणतात ते आपले त्रैराशिकच. इतके सज्जड सत्य हाताशी असताना त्याला चोरीच्या गोष्टीची जोड कशासाठी लागते, हे मला खरोखर समजत नाही.

रेकॉर्ड यांचे पुस्तक ज्याने चाळले आहे त्याला हे भाषांतर वाटूच शकत नाही. ते गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात आहे, कारण शिष्याने प्रत्येक शंका क्रमाने विचारावी आणि गुरूने तिचे सरळ उत्तर द्यावे हीच शिकण्याची सर्वांत सोपी रीत आहे, असे लेखक स्वतः सांगतात. संख्या नसेल तर माणूस मुका होतो हे पटवण्यासाठी गुरू विचारतो की लंडन किती मैल आहे, आणि शिष्याला उत्तर द्यावे लागते, ‘पिशवीभर आलुबुखार’. पुढे एका ठिकाणी शिष्य म्हणतो की आधी रीत करून दाखवलीत तर मला बरे पडेल. तेव्हा गुरू बजावतो की न शिकवलेलेही स्वतः करून पाहिले पाहिजे, नाहीतर तुझे शिकणे समजुतीचे न राहता नुसत्या पाठांतराचे होईल. पुस्तकात लेखणीने करायचे हिशेब आहेत, आणि रेघा आखलेल्या फळ्यावर धातूच्या चकत्या मांडून करायचेही आहेत, कारण कित्येक दुकानदार तेव्हा तसाच हिशेब करीत आणि उत्तर रोमन आकड्यांत लिहून ठेवीत. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असल्यामुळे साधी बेरीजसुद्धा किती किचकट होई, हे रुपये-आणे-पैची उदाहरणे सोडवलेल्या आपल्या आधीच्या पिढीला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता त्या २९ वर्षांच्या अधिकाऱ्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त संताप आणणारा मुद्दा हाच आहे. तो अधिकारी म्हणजे सॅम्युअल पीप्स, इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीतला कारभारी. मजकुरातील घटना खरी आहे. पीप्स यांच्या रोजनिशीत ४ जुलै १६६२ रोजी नोंद आहे की ‘रॉयल चार्ल्स’ या जहाजावरील कूपर नावाच्या नाविकाकडून त्यांनी गणित शिकायला सुरुवात केली आणि पहिला प्रयत्न होता तो गुणाकाराच्या कोष्टकाचा. आपल्या गणितात काय तो त्रास या कोष्टकाचाच आहे, असेही ते पाच दिवसांनी लिहितात. पण त्याच नोंदीत ते पहाटे चार वाजता उठून ते कोष्टक घोकत होते हेही लिहिले आहे, आणि दोन दिवसांनी, पुन्हा पहाटे चारला उठून, ते जवळजवळ हातचे झाले असेही. फिरणाऱ्या मजकुरात यातले अक्षरही नाही.

पदवीधराला पाढे का येत नव्हते, याचे उत्तर बुद्धीत नसून त्या काळच्या शिक्षणात आहे. तिथल्या शाळा लॅटिन शिकवीत. अंकगणित हा व्यापारी, खलाशी, सुतार आणि जमीन मोजणारे यांचा विषय समजला जाई. हे माझे अनुमान नव्हे, ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक झालेले जॉन वॉलिस यांनी स्वतःबद्दल हेच लिहून ठेवले आहे. वॉलिस अंकगणित शिकले ते वयाच्या १५व्या वर्षी, १६३१च्या नाताळच्या सुट्टीत, आणि तेही व्यापारात जाण्यासाठी हिशेब शिकत असलेल्या धाकट्या भावाकडून. हाच मुलगा पुढे अनंताचे चिन्ह रूढ करणारा गणिती झाला. धाकट्या भावाकडून किंवा हाताखाली शोभेल अशा खलाशाकडून शिकायला ज्यांना कमीपणा वाटला नाही, अशा या माणसांना आपण निर्बुद्ध ठरवीत आहोत.

पीप्स यांना गणित का हवे होते तेही पाहावे. आरमारासाठी लाकूड, ताग आणि डांबर यांची खरेदी त्यांच्या कचेरीतून होई, आणि मोजमाप न कळणाऱ्या अधिकाऱ्याला पुरवठादार सहज फसवीत. पाढे शिकायला लागून दोन महिनेही झाले नव्हते तोच ऑगस्ट १६६२ मध्ये ते जहाजबांधणीतले जाणकार अँथनी डीन यांच्याबरोबर वॉल्थमच्या जंगलात गेले, आणि लाकूड मोजताना सरकारची फसवणूक कशी होते ते त्यांनी समजून घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी पत्नीला बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार शिकवला. १६८४ साली ते रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष झाले. म्हणूनच न्यूटन यांच्या १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर छपाईची परवानगी देणारे म्हणून पीप्स यांचे नाव आहे.

माझ्या पुतणीला सात आणि आठचा पाढा अजून अडतो, आणि हे वाक्य तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: ज्यांना पाढे येत नाहीत ते मूर्ख. तिला मी रेकॉर्ड यांची रीत दाखवली. ८ आणि ७ ही दहापासून २ आणि ३ने कमी. २ गुणिले ३ म्हणजे ६, आठातून ३ गेले की ५, उत्तर ५६. ज्याला पाच पाचे पंचवीसपर्यंत येते त्याने अडू नये, एवढ्यासाठी ही रीत पुस्तकात दिली आहे. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करून घेत याचा मलाही अभिमान आहे. पण पंतोजींच्या त्या शाळेत मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना दार बंद होते, तेव्हा ‘आपल्याकडे प्रत्येकाला येत असे’ हे मजकुरातले वाक्यही टिकत नाही.

बरोबरच्या चिन्हावर फार लिहिण्याची गरज नाही. ते रेकॉर्ड यांनी १५५७ सालच्या बीजगणिताच्या पुस्तकात प्रथम वापरले आणि कारणही तिथेच दिले: ‘याच्याइतके आहे’ हे शब्द पुन्हापुन्हा लिहिण्याचा कंटाळा टळावा म्हणून सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याहून अधिक समान अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. बख्शाली हस्तलिखितात, म्हणजे गणिताच्या एका जुन्या भारतीय हस्तलिखितात, उत्तरासाठी ‘फलम्’चा संक्षेप ‘फ’ येतो, तो वेगळा आहे.

पुतणीच्या भाषणात आता भारतीय अंकांचा प्रवास राहिला आहे, आणि पहाटे चारला उठणारे पीप्सही. बंधूंना मी फोन करून सांगितले आहे की ज्या ज्या गटांवर त्यांनी तो मजकूर पाठवला, त्या प्रत्येक गटावर त्यांनी ही सालेही पाठवावीत.