जीपीएस चालू केला म्हणून विमान भरकटत नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागलेल्या मजकुराचं म्हणणं असं: विमानात मोबाइलचा किंवा घड्याळाचा जीपीएस उपग्रहाला सिग्नल पाठवतो आणि वैमानिकाची यंत्रणा गोंधळते, फ्लाइट मोडमध्ये, एवढ्या वेगात तो चालतच नाही, चाललाच तर उंची चुकीची दाखवतो. (जो चालतच नाही तो विमान भरकटवतो कसा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.)

जीपीएस रिसीव्हर उपग्रहाला काहीही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किमीवरून येणारा सिग्नल तो फक्त ऐकतो. भीती मात्र अगदीच हवेतली नाही. रिसीव्हरमधला ऑसिलेटर, म्हणजे विद्युत कंपनं निर्माण करणारा भाग, स्वतःही किंचित लहरी सोडतो. एफएम रेडिओत तो सहसा स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ जास्तीवर चालतो. १०० वरचं स्टेशन लावलं की ११०.७; आणि १०८ ते ११८ हा पट्टा विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेचा. म्हणून विमानात ट्रान्झिस्टर नको म्हणत, आणि काही कंपन्यांनी जीपीएसही त्याच यादीत टाकला.

खरा उपद्रव जीपीएसचा सिग्नल दाबून टाकणाऱ्या जॅमरचा, कारण तो प्रक्षेपण करतो. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ एका ड्रायव्हरनं मालकाला गाडीचा माग लागू नये म्हणून जॅमर लावला, तर विमानतळाची नवी जीपीएस यंत्रणा अडखळली. २०१३मध्ये त्याला सुमारे ३२ हजार डॉलर दंड झाला.

वेगाचं म्हणाल तर नागरी रिसीव्हरची मर्यादा ताशी साधारण १,९०० किमी. प्रवासी विमान ९०० च्या आसपास. फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनचा जीपीएस चालू राहतो. इंटरनेटची मदत नसल्यानं उपग्रहांची माहिती थेट त्यांच्याकडूनच घ्यावी लागते, म्हणून वेळ लागतो. खिडकीची सीट हवी, नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. मग खालचं धरण उजनी की जायकवाडी, हे कळतं.

उंचीचा घोळ ट्रेकर मंडळींच्या घड्याळांतून आला असावा. त्यांतला बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो. विमानात त्याला मिळतो केबिनमधला दाब, आणि तो साधारण २,००० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. विमान ११ किमीवर आणि घड्याळात २,०००, यात जीपीएसचा दोष नाही.

डीजीसीएनं, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, २०१४पासून फ्लाइट मोडमधली उपकरणं वापरू दिली आहेत. कर्मचारी बंद करा म्हणाले तर बंद करायचं, वाद नाही. गार्मिन इनरीचसारखी उपकरणं मात्र वेगळी: ती उपग्रहामार्फत संदेश पाठवतात आणि भारतात परवान्याशिवाय बाळगताच येत नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला याच कारणावरून अडवलं होतं, आणि तेव्हा ती विमानात चढलीही नव्हती.