दोनशे दिल्लीचे, तेराशे मुंबईचे

मावशीच्या म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनमध्ये राज्याचे तेराशे जमा झाले, केंद्राचे दोनशे नाही, म्हणून तिला घेऊन ठाण्यातल्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "आमचे तेराशे आलेत ना? मग झालं. दोनशे केंद्राचे. ते वरून येतात." आणि पेनाने वर दाखवलं. वर पंखा होता. तोही बंद.

मी विचारलं, वर म्हणजे कुठे, दुसऱ्या मजल्यावर? तर "जाऊन बघा" म्हणाला! लिफ्ट नाही, मावशीचे गुडघे गेलेले, म्हणून तिला खाली बाकावर बसवून मी एकटी वर. वरच्या बाई जेवत होत्या. जेवू देत, माणूस आहे. पण डब्याचं झाकण लावता लावता म्हणतात काय, "केंद्राचा हिस्सा आला की होईल जमा. आम्ही काय खिशातून घालायचे? आणि मॅडम, दोनशे रुपयांसाठी एवढ्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात कशाला आणलंत?"

कशाला आणलंत! मागे मी एकटी आले होते तेव्हा "लाभार्थी कुठाय, लाभार्थीला आणा" म्हणणारं हेच टेबल, याच बाई. तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल होता, आज डबा, एवढाच काय तो फरक. परतताना मी रिक्षात सगळी उत्तरं नीट रचली. एकेक अस्सं लागलं असतं ना! पण ती उत्तरं ऐकली कोणी, तर रिक्षावाल्याने.

आणि हो, दोनशेच. लोकमान्य नगरहून तिथवर जाऊन-येऊन रिक्षालाच त्याहून जास्त गेले, हिशेब मलाही येतो. पण मावशीला मूलबाळ नाही, काका जाऊन जमाना झाला, नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत. महिन्याला जे दीड हजार मिळतात त्यातले दोनशे म्हणजे तिच्या बीपीच्या गोळ्या. दिल्लीचा हा हिस्सा 2007 सालीही दोनशेच होता. तेव्हा त्यात किराण्याची पिशवी भरायची. आज दोघींनी मिसळ खाऊन चहा घेतला की संपले. दोन पंतप्रधान झाले, कितीतरी अर्थमंत्री झाले, या दोनशेला कोणी हात लावला नाही.

माझ्या पगारातून मात्र दर महिन्याला बरोब्बर दोनशे रुपये व्यवसाय कर जातो. फेब्रुवारीत तीनशे. घेताना कधी सर्व्हर डाउन नाही, कधी हिस्सा वरून यायचा नाही. हा कर 1975 साली कशासाठी लावला माहितीये? रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना महाराष्ट्राने उचलली, शहरातल्या पगारदारांकडून पैसे घेतले आणि खेड्यात हाताला काम दिलं. दिल्लीला ते कायद्यात आणायला 2005 उजाडलं. म्हणून माझं मत विचाराल (कोणी विचारलेलं नाही) तर या योजना राज्यानेच चालवाव्यात. सगळ्या. आमदार निदान गणपतीत मंडळात सापडतो, हळदीला सापडतो, त्याला कोपऱ्यात घेऊन दोन शब्द सुनावता येतात. दिल्लीच्या दोनशेसाठी मी कोणाची हळद गाठू?

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांना हे पटत नाही. त्यांना सगळं केंद्राकडे हवंय. लिफ्टमध्ये मला अडवून म्हणतात, "अगं, सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत आहे, दोघांचाही अधिकार." अहो काका, तेच तर दुखणं आहे! दोघांचा अधिकार म्हणजे दोघांनाही हात झटकायची सोय. दोन भावांनी म्हातारी आई वाटून घ्यावी, जेवण याच्याकडे, औषध त्याच्याकडे, आणि तिने जिन्यात बसून राहावं, तशातली गत.

आता राज्य तरी कुठे सरळ आहे म्हणा. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण, नोव्हेंबरात मतदान. एकवीसशे करू म्हणाले, मिळतात दीड हजारच. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना ई-केवायसी. ओटीपी कोणाचा, तर नवऱ्याचाही. तो ज्या नंबरवर येतो तो नंबर नवऱ्यासकट गायब. मुरबाडला माझ्या चुलतभावाला केंद्राचे वर्षाला सहा हजार येतात, म्हणून 2023 पासून राज्यानेही आपले सहा हजार वेगळे सुरू केले. एकाच शेतकऱ्याला, एकाच खात्यात, दोन नावांनी, दोन फोटोंसह. फोटोंबाबत मात्र केंद्र-राज्य समन्वय पाहण्यासारखा. नितीन कंपनीपासून तीन हात नाक्यापर्यंत सगळे साहेब हसताहेत, हात जोडताहेत, आणि खाली गल्लीतल्या पंचवीस इच्छुकांचे पासपोर्ट फोटो. त्या फ्लेक्सच्या खर्चात मावशीचे दोनशे किती वर्षं निघाले असते, हा हिशेब मी सिग्नलला रोज करते. सिग्नलही तेवढा वेळ देतो.

मागे तिच्या मोतीबिंदूच्या वेळी एका दवाखान्यात भलामोठा बोर्ड, राज्याची आरोग्य योजना आणि केंद्राची, दोन्ही पाच-पाच लाखांच्या. काउंटरवर मात्र "ते कार्ड यात चालत नाही". कुठलं कशात, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रोख भरले.

हे सगळं मी त्या रिक्षावाल्याला ऐकवलं. तो जौनपूरचा. शांतपणे म्हणाला, "मॅडम, मेरा राशन कार्ड गाँव का है, लेकिन चावल यहीं किसन नगर में मिलता है।" म्हणजे एक देश एक रेशनकार्ड. म्हणजे दिल्ली. माझ्या अख्ख्या सिद्धांताला वागळे इस्टेटच्या वळणावर पंक्चर. मीटरही माझं भाषण संपेपर्यंत बराच पुढे गेला होता, आणि मावशी शेजारी मस्त झोपली होती.

जागी झाल्यावर तिने एकच विचारलं, "अगं, मला फाल्गुनात ऐंशी पूर्ण होतात ना?" होतात. म्हणजे दिल्लीचा हिस्सा दोनशेवरून पाचशे होणार, मुंबईचा तेराशेवरून हजारावर येणार, आणि हिच्या हातात तेच दीड हजार. त्यासाठी वयाचा दाखला मागणार, मूळ प्रत मागणार, लाभार्थीला घेऊन या म्हणणार. मी रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवलाय.