ऑपेरा हाऊसमधला सिनेमा कुठे गेला?

माझ्या वयाच्या बऱ्याच मुंबईकरांना ‘ऑपेरा हाऊस’ हा बसस्टॉप म्हणूनच माहीत. चर्नी रोडला उतरायचं, हिरेबाजाराच्या गर्दीतून वाट काढायची आणि बंद दारावरून पुढे जायचं. 1993 पासून 2016 पर्यंत, म्हणजे 23 वर्षं. गिरगावातलं ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ हे थिएटर बंद, पण अख्ख्या भागाचा पत्ता त्याच्याच नावावर!

जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा उघडलं आणि मध्यंतरी आत एक प्रयोग बघितला. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं रंगमंचाकडे लक्षच नव्हतं. मान वर, घुमटाच्या आठ पाकळ्यांकडे. माइक नसलेल्या काळात पार वरच्या गॅलरीपर्यंत शब्द पोचावा म्हणून छताला हा आकार दिलेला. येताना प्रवेशदालनात ससून घराण्याने दिलेली झुंबरं दिसली, तिथेही रेंगाळलोच.

वारसा वास्तू जपणाऱ्या वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या चमूने जीर्णोद्धाराचं काम केलंय ते वादातीत उत्तम. आपल्याकडे डागडुजी म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापायचं आणि वर ऑइलपेंट मारायचा. मग ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. इथे जुने फोटो शोधून, सिनेमाच्या दिवसांत काढून टाकलेले बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांसाठीचे स्वतंत्र कप्पे, पुन्हा उभे केलेत. 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

पण माझं घोडं इथेच अडतं. वास्तू ‘मूळ रूपात’ आणायची, तर मूळ कुठलं धरायचं? 1911 मध्ये पंचम जॉर्जने उद्घाटन केलं, तेव्हा बांधकाम पूर्णही झालं नव्हतं. ऑपेरा इथे फार रमला नाही. 1930च्या दशकात सिनेमागृह झालं ते प्रेक्षक आटेपर्यंत, जवळपास साठ वर्षं. मधेच पृथ्वीराज कपूरांची नाटकंही झाली. म्हणजे गिरगावकरांनी जे थिएटर खरोखर वापरलं ते सिनेमाचं, आणि नेमकं तेच पुसलं गेलं. बॉक्स परत आले याचा आनंद आहे, पण त्या साठ वर्षांची एखादी खूण मुद्दाम राखायला काय हरकत होती? एक खुर्ची, एक तिकीटखिडकी. पडद्याचा काळ म्हणजे वास्तूला झालेला आजार नव्हता हो.

मध्यंतरात शेजारचे आजोबा स्टेजकडे पाठ करून उभे होते. मी विचारलं, काय बघताय? मागच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, “झोत तिथून यायचा. बिड्यांच्या धुरात अगदी स्पष्ट दिसायचा.”