केळ्याची नाडी आणि मनगटाची नाडी

स्मार्टवॉच केळ्याला किंवा कागदाच्या गुंडाळीला बांधले तरी ते हृदयाचे ठोके दाखवते, अशी चित्रफीत आणि तिच्यासोबतचा मजकूर गेली काही वर्षे वारंवार पुढे पाठवला जातो. त्या मजकुरात चार दावे असतात. घड्याळ नाडी मोजत नाही, आकडा तयार करते. बसल्या जागी हात हलवूनही पावले वाढतात, म्हणून ती मोजणी निरर्थक आहे. अधिकृत अंतराच्या शर्यतीतही घड्याळ जास्त अंतर दाखवते, म्हणून जीपीएस बेभरवशाचे आहे. आणि एकाच व्यायामाचे उष्मांक दोन घड्याळे वेगवेगळे सांगतात, म्हणून सारेच खोटे आहे. यांपैकी चौथ्या दाव्यात बरेच तथ्य आहे. पहिल्या तिन्हींतली निरीक्षणे खरी असली तरी त्यांवरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि ते वाचून नुकताच व्यायाम सुरू केलेली माणसे एक उपयोगी साधन बाजूला टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी केळ्याविषयी. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या सूक्ष्म वाहिन्यांतले रक्त किंचित वाढते व ओसरते. त्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशात होणारा चढउतार सेन्सर टिपतो. हा चढउतार एकूण प्रकाशाच्या मानाने फारच लहान असल्यामुळे त्यातून नियमित लय शोधण्याचे काम सॉफ्टवेअरला करावे लागते, आणि समोर मनगटच आहे असे गृहीत धरूनच ते माणसाच्या नाडीच्या पल्ल्यात लय शोधते. केळ्यावरून परतलेल्या प्रकाशात लय नसते, पण खोलीतला उजेड, बारीक हालचाल आणि सेन्सरचा स्वतःचा गोंगाट असतो, आणि त्यातले जे काही लयीसारखे भासते ते आकडा म्हणून पडद्यावर येते. यावरून इतकेच सिद्ध होते की घड्याळ मनगटावर आहे की नाही, हे ओळखण्यात ते कच्चे आहे. जिवंत मनगटावर ते काय करते, हे तपासायचे तर त्याची तुलना हृदयाच्या विद्युत आलेखाशी करावी लागते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 60 स्वयंसेवकांवर मनगटी यंत्रांचे 7 प्रकार असेच तपासले. सायकल चालवताना त्यांपैकी 6 यंत्रांची हृदयगतीतली मध्यक चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. तयार केलेले आकडे विद्युत आलेखाच्या इतके जवळ जाऊ शकत नाहीत.

मोजणी खरोखर कुठे बिघडते, हे मात्र तो मजकूर सांगतच नाही. पट्टा सैल असेल तर धावताना घड्याळ त्वचेवर आपटत राहते आणि सॉफ्टवेअर नाडीऐवजी पावलांचीच लय पकडते. अगदी सावकाश, बोलत बोलत धावत असतानाही ठोके 160 ते 180 दिसले आणि ते मिनिटाच्या पावलांशी जुळत असले, तर तो आकडा हृदयाचा नाही असे समजावे. थंडीत मनगटाकडे जाणारे रक्त कमी होते, गडद गोंदण प्रकाश अडवते, आणि वजने उचलताना मूठ आवळल्यामुळे व मनगट वाकल्यामुळे संकेत तुटतो. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही पण रुतणारही नाही इतके घट्ट बांधावे आणि सुरुवातीला काही मिनिटे अंग तापवावे. झटपट चढउतार असलेल्या धावण्यासाठी किंवा वजनांच्या व्यायामासाठी छातीचा पट्टा वापरावा, कारण तो प्रकाशावर नव्हे, तर हृदयाच्या विद्युत संकेतांवर चालतो.

पावलांचा मुद्दा थोडक्यात संपतो. घड्याळ हाताची हालचाल मोजते, पाऊल नव्हे. त्यामुळे बसून लयीत हात हलवल्यास काही पावले वाढतात, तर ढकलगाडी ढकलत चालताना किंवा ट्रेडमिलचा दांडा धरल्यास खरी पावले गळतात. पण माणूस रोज साधारण सारखाच वावरतो, त्यामुळे ही चूकही साधारण सारखीच राहते, आणि या आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा जास्त चाललो की कमी, हे त्या मोजणीवरून नीट कळते.

शर्यतीच्या अंतराचा दावा ऐकायला सर्वांत पटणारा आहे, पण त्यात अधिकृत अंतर कसे मोजतात याचाच विसर पडला आहे. रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला 1 मीटर जास्त धरतात. गर्दीतून वाट काढणारा धावपटू त्या रेषेवर धावत नाही. तो खरोखरच जास्त धावतो, आणि घड्याळ दाखवत असलेल्या जादा अंतराचा काही भाग हा असतो. उरलेला भाग जीपीएसच्या चुकीचा, हे मान्य केलेच पाहिजे: मोकळ्या आकाशाखालीही स्थाननिश्चिती काही मीटर इकडेतिकडे होते, आणि उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांमुळे ती आणखी ढळते. संकेत पक्का मिळाल्यावरच धावायला सुरुवात केली आणि बॅटरी वाचवणारी विरळ नोंद बंद करून दर सेकंदाची नोंद ठेवली, तर ही चूक बरीच कमी होते.

उष्मांकांच्या बाबतीत त्या मजकुराशी माझे मतभेद कमी आहेत. वर सांगितलेल्या अभ्यासात एकाही यंत्राची उष्मांकांतली चूक 20 टक्क्यांच्या खाली आली नाही. खर्च झालेली ऊर्जा अचूक मोजायला श्वासातला प्राणवायू मोजावा लागतो. घड्याळ वय, वजन, लिंग, हृदयगती आणि हालचाल यांवरून केवळ अंदाज बांधते. त्यात एक घड्याळ फक्त व्यायामाचा खर्च सांगते, तर दुसरे विश्रांतीतही होणारा खर्च त्यात मिळवते, आणि 70 किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत तो तासाला सुमारे 70 किलोकॅलरी असतो. दोन आकड्यांतल्या तफावतीचे हेही एक कारण आहे. अ‍ॅपमध्ये जुने वजन राहिले असेल तर फरक आणखी वाढतो, म्हणून ते वेळोवेळी बदलावे. मात्र उष्मांकांचा आकडा ढोबळ आहे, म्हणून त्याच घड्याळातली नाडीही खोटी, हे अनुमान टिकत नाही: नाडी मोजली जाते, उष्मांक त्यावरून अंदाजले जातात. घड्याळाने दाखवले तितके उष्मांक खाऊन भरून काढू नयेत. आहार वाढवायचा की कमी करायचा, हे काही आठवड्यांत वजन कोणत्या दिशेने सरकते आहे ते पाहून ठरवावे.