कोर्सचा दाखला म्हणजे सर्टिफिकेशन नव्हे

अमेरिकेतल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनबद्दल, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून रुग्णाचे रिपोर्ट टाइप करण्याच्या कामाबद्दल, एक मजकूर सगळीकडे फिरतोय: कोर्स केला की माणूस सर्टिफाइड होतो, सर्टिफिकेट नसेल तर कायद्याने काम करता येत नाही, आणि एकदा मिळालं की ते जन्मभर चालतं. तीन दावे, तिन्ही चुकीचे.

कोर्सवाले देतात तो शिकल्याचा दाखला. सर्टिफिकेशनची परीक्षा घेणारी संस्था वेगळी. ती या व्यवसायातल्या लोकांची संघटना; १९७८ साली एएएमटी म्हणून सुरू झाली आणि २००७ मध्ये तिचं नाव एएचडीआय झालं. तिने सर्टिफिकेशनच्या दोन पायऱ्या ठेवल्या. आरएमटी (रजिस्टर्ड मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट), जिचं नाव पुढे आरएचडीएस झालं, ही नुकतंच शिकून आलेल्यांसाठी किंवा एकाच विभागाचं डिक्टेशन टाइप करणाऱ्यांसाठी. सीएमटी (सर्टिफाइड मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट), म्हणजे नंतरचं सीएचडीएस, याला मात्र मोठ्या रुग्णालयातल्या किंवा अनेक विभागांच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव अपेक्षित. (नावं बदलल्यामुळे चार वेगळ्या परीक्षा आहेत असं सांगणारेही भेटतात. परीक्षा दोनच.)

हा अनुभव कशाला? इंग्रजीत ‘इलियम’ दोन आहेत: एक कमरेचं हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार एकच, आणि देवनागरीत तर तेवढाही फरक दिसत नाही. डॉक्टर घाईत पुटपुटतो, तेव्हा आधीच्या चार वाक्यांवरून ओळखायचं की बोलणं हाडाचं चाललंय की पोटाचं. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यातला दोष. पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही असू शकतात, म्हणजे संदर्भही दगा देतो. अशा वेळी अंदाज न ठोकता जागा कोरी सोडून डॉक्टरांकडे शंका पाठवायची. कुठे थांबायचं, हे शेकडो रिपोर्ट हाताखालून गेल्यावरच कळतं. आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा मसुदा तपासतानाही हेच कौशल्य लागतं, कारण सॉफ्टवेअर चुकीचा शब्दही बिनचूक स्पेलिंगमध्ये लिहितं.

कायद्याचं म्हणाल, तर नर्सला लागतो तसा सरकारी परवाना या कामाला नाही. सर्टिफिकेशन ऐच्छिक. एखादी कंपनी ते मागते, ती तिची अट.

आणि जन्मभराचं? सीएमटींना दर ३ वर्षांत शिक्षणाची ३० क्रेडिट्स जमवावी लागत. ती भरली नाहीत, तर ती तीन अक्षरं नावापुढे लावता येत नसत.