लायसन्स नेमकं कशावर मोजतात? व्हीपीएनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रिमोट अ‍ॅक्सेस व्हीपीएनचा डबा, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे आत येऊ देणारं उपकरण, घेण्याआधी त्याच्या लायसन्सची गणती समजून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण मुद्देसूद हरकत घेतलीत, त्याबद्दल आभार. आपलं म्हणणं थोडक्यात असं: लायसन्स हा खरेदीतला किरकोळ भाग, त्याचा मी उगाच बाऊ केला. निवड सुरक्षिततेवर व्हायला हवी, पैशांवर नाही. आणि पैशांचीच अडचण असेल तर ‘कॉन्करंट’, म्हणजे एका वेळी किती जण जोडलेत त्यावर मोजलेलं लायसन्स घ्यावं, नाहीतर सरळ ओपन सोर्स, म्हणजे लायसन्सचे पैसे न लागणारं खुलं सॉफ्टवेअर वापरावं. शेवटी आपण आपल्या चाळीस जणांच्या ऑफिसचं उदाहरण दिलंत: एका वेळी बारा जण बाहेरून जोडलेले असतात, म्हणून पंधराचं लायसन्स पुरे.

सुरक्षितता आधी, यात वादच नाही. पण लायसन्स आणि सुरक्षितता हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे मला अजिबात पटत नाही.

पालो अल्टो या कंपनीचंच घ्या. तिच्या ग्लोबलप्रोटेक्ट या व्हीपीएनचं साधं कनेक्शन विंडोज आणि मॅकवर वेगळ्या लायसन्सशिवाय चालतं, त्यामुळे कोटेशन छान दिसतं. मात्र मोबाइल किंवा लिनक्सवरून यायचं असेल, किंवा लॅपटॉपवर अँटिव्हायरस चालू आहे का, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का, हे तपासून मगच आत घ्यायचं असेल, तर गेटवेचं, म्हणजे ऑफिसच्या बाजूच्या डब्याचं, सबस्क्रिप्शन लागतं आणि ते मुदतीचं असतं. म्हणजे आपण ज्याला सुरक्षितता म्हणता, ती तपासणीच लायसन्सच्या ओळीत बसली आहे. ती ओळ न वाचता सुरक्षिततेवर निवड करणार कशी?

आता गणतीबद्दल. ज्यांनी सिस्कोचा एएसए ५५१० हा फायरवॉल-व्हीपीएनचा डबा हाताळलाय त्यांना ‘शो व्हर्जन’ या कमांडखाली येणारी यादी आठवत असेल. त्यात ‘टोटल व्हीपीएन पीअर्स’समोर २५० दिसायचं, आणि माहितीपत्रकात हाच आकडा मिरवायचा. त्याच यादीत ‘एनीकनेक्ट प्रीमियम पीअर्स’समोर २ असायचं; एनीकनेक्ट हे सिस्कोचं व्हीपीएन सॉफ्टवेअर. ‘एनीकनेक्ट इसेन्शियल्स’ आणि ‘एनीकनेक्ट फॉर मोबाइल’ या दोन्हींसमोर डिसेबल्ड. डबा अडीचशे जोडण्या पेलू शकतो, पण एनीकनेक्टने आत येऊ शकतात दोघंच. तिसऱ्याचा पासवर्ड बरोबर असला तरी त्याला प्रवेश नाही, आणि लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदींमध्ये, ओळ उमटते: दोनची सेशन मर्यादा गाठली. बाकीच्या जागा आयपीसेक या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीच्या जुन्या क्लायंटसाठी (लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरसाठी) होत्या, त्याला वेगळे पैसे पडत नसत. त्या क्लायंटचा सपोर्ट जुलै २०१४ मध्ये संपला, आणि ज्यांनी ‘व्हीपीएन तर फुकटच आहे’ असा हिशेब धरला होता त्यांना लायसन्स घ्यावंच लागलं.

त्या वेळी इसेन्शियल्स स्वस्त पडायचं, कारण ते माणसांवर नव्हे तर डब्यावर होतं. प्रीमियम मात्र एका वेळच्या जोडण्यांवर. पुढे एनीकनेक्ट ४ बरोबर प्लस आणि एपेक्स ही नवी लायसन्सं आली आणि मोजमापच बदललं: एका वेळी किती जण जोडलेत हे नाही, तर एकूण किती वेगवेगळी माणसं वापरणार हे मोजायचं. एका वेळच्या जोडण्यांवरचं ‘व्हीपीएन ओन्ली’ राहिलं, पण ते एकेका डब्याला बांधलेलं. ज्या कंपनीत शंभर जण आळीपाळीने पंचवीस जागा वापरत होते, तिला त्याच कामासाठी शंभर माणसं मोजावी लागली. डबा तोच, काम तेच.

म्हणून ‘कॉन्करंट घ्या’ हे सरसकट उत्तर होऊ शकत नाही. तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्यात ते बरोबर बसतं, कारण एक पाळी बाहेर पडते तेव्हाच दुसरी आत येते. सीए फर्ममध्ये तेच अंगाशी येतं. वर्षभर पाच-सहा जण घरून जोडलेले असतात आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात सगळी फर्म रात्री अकराला एकदम लॉगिन करते. त्यात आणखी एक गोष्ट लोक धरत नाहीत: लॅपटॉप नुसता मिटला म्हणून जागा लगेच रिकामी होत नाही. एएसएवर कामाविना पडलेली जोडणी तुटायची मुदत मुळात ३० मिनिटांची आहे. तेवढा वेळ ती जागा अडलेलीच राहते.

आणि २५ मार्च २०२० आठवा. लॉकडाऊन लागला तेव्हा बारा जणांचा सरासरी आकडा कुणाच्याच कामाचा राहिला नाही. काही कंपन्यांनी तात्पुरती सूट दिली, हे खरं. पण धंदा चालू ठेवण्यासाठी विक्रेत्याच्या सवलतीवर विसंबायचं का, हा प्रश्न मी लेखात विचारला होता आणि आजही विचारतो. आपलं पंधराचं लायसन्स नेहमीच्या दिवसाला पुरेल. व्हीपीएनची सर्वात जास्त गरज मात्र नेहमीपेक्षा वेगळ्या दिवशीच पडते.

‘महागडं लायसन्स म्हणजे सुरक्षित’ असंही आपल्या प्रतिक्रियेत सुचवलेलं दिसलं. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या कनेक्ट सिक्युअर या व्हीपीएन उपकरणातल्या त्रुटींचा गैरफायदा घेतला जातोय हे उघड झालं, आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सिसाने, तिथल्या सरकारी खात्यांना ही उपकरणं २ फेब्रुवारीपर्यंत नेटवर्कपासून तोडायला सांगितलं. ही काही स्वस्तातली वस्तू नव्हे. असा दिवस कुणावरही येऊ शकतो. त्या दिवशी आपला सपोर्ट करार चालू आहे का आणि नवं फर्मवेअर (डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर) आपल्याला उतरवता येतं का, एवढंच महत्त्वाचं ठरतं. पहिल्या वर्षी डबा घासाघीस करून घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल टाळायचं, हा प्रकार छोट्या धंद्यांत मी फार बघतो, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

माणसांवर पैसे न लावणाऱ्यांतही सगळं कायमचं नसतं. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट या फायरवॉलवर एसएसएल व्हीपीएन या पद्धतीला युजरमागे लायसन्स नव्हतं, म्हणून कितीतरी जणांनी तो घेतला. त्याच्या फोर्टिओएस या सॉफ्टवेअरच्या ७.६.३ आवृत्तीत एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोडच, म्हणजे लॅपटॉप थेट नेटवर्कला जोडायची सोयच, काढून टाकली आणि आयपीसेककडे वळायला सांगितलं. आयपीसेकलाही युजरमागे पैसे नाहीत, पण प्रत्येक लॅपटॉपवरची मांडणी बदलायला माणूस लागतो, आणि त्याचे दिवस कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेले नसतात.

ओपन सोर्सबद्दल माझा विरोध मुळीच नाही. ओपीएनसेन्स या ओपन सोर्स फायरवॉलवर ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन आणि ओटीपी लावून उत्तम काम होतं. माणसं दहा असोत की दोनशे, लायसन्स शून्य. मार्च २०२० पासून वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि त्याचा वेग सुखद आहे. फक्त वायरगार्डला युजरनेम, पासवर्ड, ओटीपी यातलं मुळात काहीच कळत नाही, त्याला फक्त किल्ल्या, म्हणजे प्रत्येक उपकरणाला दिलेले गुप्त कोड, कळतात. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला की त्याची किल्ली त्याच दिवशी काढणारा कुणीतरी जबाबदार माणूस हवा. तो पगारावर असो की करारावर, त्याचा खर्च लायसन्सच्या जागी मांडा आणि मग तुलना करा. असा माणूस असेल तर मी स्वतः ओपन सोर्सच सुचवतो.

लॉगचा मुद्दा लेखात राहिला होता तो इथे जोडतो. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. फोर्टिगेट ६०एफमध्ये डिस्क नाही, ६१एफमध्ये आहे. साधा फरक, पण डिस्क नसेल तर लॉग ठेवायची वेगळी सोय करावी लागते, आणि तोही खर्चच.

आता आपल्या चाळीस जणांच्या ऑफिसबद्दल. मी युजरमागे पैसे न लावणारा डबा घेईन, आयपीसेकवर, आणि एका वेळी चाळीसही जण जोडले तरी त्याचा वेग पुरेल अशा मॉडेलचा. सपोर्ट तीन वर्षांचा एकदम, खरेदीच्याच बिलात, कारण दर त्याच वेळी सर्वात चांगला मिळतो. चौथ्या वर्षाच्या रिन्यूअलचा आजचा दर डीलरकडून ऑर्डर देण्याआधी लेखी मागेन, आणि ओटीपीचं टोकन किंवा अ‍ॅप माणशी किती पडेल तेही त्याच कागदावर. आपल्याला मिळालेल्या कोटेशनमध्ये यातल्या कोणत्या ओळी आहेत ते खाली लिहा. पंधराच्या लायसन्सशी तीन वर्षांची तुलना इथेच मांडू.