भरपाई नको, रेगमाल धरा

"किती झाले सांगा, लगेच जीपे करतो."

पाहुण्यांच्या पोरांनी काही मोडलं की त्यांचे वडील हे वाक्य म्हणतात, आणि मला ते हल्ली अजिबात सहन होत नाही. बोलणारा चांगल्या मनानेच बोलतो, ते मान्य. पण त्या एका वाक्याने पोरगं सुटतं, आईबाप सुटतात, आणि मोडकी वस्तू घेऊन दुकानं पालथी घालायचं काम घरच्या माणसाच्या गळ्यात राहतं.

आमच्याकडे वरच्या खोलीत पूल टेबल आहे, म्हणजे बिलियर्ड्ससारखं, लांब काठीने (स्टिकने) चेंडू मारत खेळायचं. ओळखीतलं एक पूल पार्लर बंद झालं तेव्हा ह्यांनी ते सेकंडहँड उचललं. टेबलाखालच्या दगडी स्लेट जिन्यावरून वर चढवताना हमालांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टेबल ह्यांनी आणलं, पण खेळते मी जास्त, आणि स्टिक्सची देखभाल तर पूर्ण माझ्याकडे. त्याच पार्लरमधल्या म्हाताऱ्या मार्करकाकांनी (मार्कर म्हणजे गुण मांडणारा) मला टिप, म्हणजे स्टिकच्या टोकाचं चामडं, बसवायला शिकवलं. इंदूरच्या तिलकनगरातली एक बाई नव्या टिपांची चौकशी करत फिरते याचं सुरुवातीला दुकानदारांना फार नवल वाटायचं. आपल्या इंदूरची अमी कमानी देशासाठी स्नूकर खेळते, तरी काउंटरवर मला अजून "मुलासाठी हवंय का?" असंच विचारतात. असो.

यंदा मे महिन्यात नणंदेची दोन्ही मुलं पुण्याहून आली, बरोबर त्यांचा एक चुलतभाऊ. पोरं वाईट नाहीत हो. ताटात टाकत नाहीत, आजोबांच्या पाया पडतात, सकाळी पोहे-जिलेबी आणायला न सांगता जातात. पण दुपारी बेचाळीस डिग्रीत बाहेर जाता येत नाही, म्हणून सगळी वरच्या खोलीत. आम्ही दोघं एका लग्नाला उज्जैनला गेलो आणि संध्याकाळी परत येऊन पाहिलं तर चार स्टिक्सची वाट लागलेली.

एकीची टिप उडालेली. शॉट चुकला की ती उलटी धरून फरशीवर आपटायची, असा थोरल्याचा राग काढायचा प्रकार. टिपेखालच्या पांढऱ्या फेरूलचा (टोपणासारख्या कड्याचा) कंगोराही जरा उडाला होता. दुसरीच्या शाफ्टवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या अर्ध्या भागावर, टिपेपासून वीतभर अंतरावर, टेबलाच्या लाकडी कडेवर आपटून खोक पडलेली. तिसरी रात्रभर कूलरसमोर भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली. चौथीने त्यांनी तलवारबाजी केली. तिच्याविषयी शेवटी सांगते. कापडावर चॉकचा चुरा आणि आमरसाचा एक डाग होता, ते मी पुसून सोडून दिलं.

फोनवर नणंद म्हणाल्या, "अगं, मुलंच आहेत ती." मागून भाऊजींचा आवाज आला, "किती झाले विचार, जीपे करतो." (ताई फेसबुकवर आहेत. हे वाचतील. वाचूदेत. त्यांना मी हेच तोंडावर सांगितलंय.)

मी म्हटलं, पैसे नकोत. पोरांना अजून थोडे दिवस राहूदेत. मी स्टिक्स दुरुस्त करणार आहे आणि ती माझ्याबरोबर बसणार आहेत. तर ताईंना वाटलं, सुट्टीत मुलांना शिक्षा करतेय. मला यात शिक्षा कुठे दिसते तेच कळत नाही. हीच मुलगी असती, तिच्या हातून लोणच्याची बरणी फुटली असती, तर काचा तिलाच वेचायला लावल्या असत्या आणि फरशीही तिलाच पुसायला लावली असती. तेव्हा कुणी जीपे काढलं नसतं. मुलग्यांनी काही मोडलं की मात्र ते एकदम आर्थिक व्यवहारात जातं.

दुसरा सल्ला मैत्रिणींचा. "पाहुण्यांसाठी दोन स्वस्तातल्या ठेव, चांगल्या कुलपात टाक." वरवर शहाणपणाचा वाटतो, पण मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण खेळातच आहे. स्टिकची टिप चामड्याची असते, वरून किंचित घुमटासारखी. ती चेंडूला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ चिकटते, बस्स. तेवढ्यात पकड मिळाली तर मिळाली. त्यासाठीच चॉक लावायचा. त्याला खडू म्हणतात खरं, पण आजच्या निळ्या चॉकमध्ये मुख्यतः बारीक खरखरीत पूड असते. त्याचं पेटंट १८९७ मधलं. चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यापेक्षा जास्त बाजूला मारलं की चांगली टिपसुद्धा घसरते. स्वस्त स्टिकची टिप दगडासारखी कडक, वरून चपटी, बाजूने भजीसारखी फुगलेली. ती मधे मारली तरी घसरते. पोरगं काय करतं? पुढचा शॉट आणखी जोरात मारतं. मग चेंडू उडून फरशीवर, मग टोक कापडात, मग वैताग, मग आपटाआपटी. वाईट हत्यार दिलं की नुकसान वाढतं, कमी होत नाही. शिवाय ज्याने कधी सरळ, नीट टिप असलेली स्टिक हातातच धरली नाही, त्याने ती जपायची कशासाठी? त्याच्या लेखी ती काठीच. म्हणून माझ्या घरी पाहुण्या पोराला चांगलीच स्टिक मिळते. मोडली तर त्याने बसायचं.

तर बसलो. आधी टिप.

जुन्या टिपेचा उरलेला थर ब्लेडने काढला. फेरूलवर जुन्या गोंदाचा कण राहता कामा नये. सगळी मेहनत तिथेच आहे, गोंद लावण्यात नाही. रेगमाल (पॉलिश पेपर) सपाट फळीवर ठेवून शाफ्ट अगदी काटकोनात धरायची आणि फेरूलचं तोंड अलगद घासायचं. उडालेला कंगोरा लहान होता म्हणून त्यातच निघून गेला, अर्धा मिलिमीटरही घासावं लागलं नाही. हे मी धाकट्याला दिलं. त्याने पहिल्यांदा तिरकं धरलं. मी प्रकाशात धरून दाखवलं, एका बाजूला उजेड दिसतो. तो गप्प बसून परत घासायला लागला. नव्या टिपेचा तळही खरखरीत करायचा, मग फेव्हिक्विकसारखा गोंद, तो जेल असेल तर उत्तम, अगदी पातळ लावायचा, टिप मधोमध बसवायची आणि दाबून धरायचं. गोंद जास्त झाला तर फेरूलवरून ओघळतो आणि चामड्यात मुरून टिप कडक होते.

वाळल्यावर फेरूलला मास्किंग टेप गुंडाळली, स्टिक उलटी करून टिप लाकडी पाटावर टेकवली आणि बाजूला आलेलं चामडं धारदार ब्लेडने वरून खाली, पाटाच्या दिशेने कापलं. हे मी स्वतः केलं, दुसऱ्याच्या पोराच्या हातात ब्लेड देण्याएवढी मी पुरोगामी नाही. मग गोलाई. अमेरिकेत टिपेची गोलाई त्यांच्या निकेल किंवा डाइम या नाण्यांवर मोजतात. आपलं एक रुपयाचं हल्लीचं नाणं वीस-बावीस मिलिमीटरचं, निकेलच्या अगदी जवळचं. रुपया टिपेवर उभा धरायचा आणि दोन्हींच्या मधून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासायचं. शेवटी टिपेच्या कडेला बोटाने थुंकी लावून चामड्याच्या तुकड्याने जोरात चोळायचं, की कड काळी चमकते आणि टिप लवकर फुगत नाही. थुंकी म्हटल्यावर तिघंही हसली. मार्करकाका असंच करायचे, मीही असंच करते.

ही चामड्याची टिप कुणी शोधली म्हणाल, तर तिचं श्रेय फ्रान्स्वा मॅंगो नावाच्या एका फ्रेंच माणसाला देतात, आणि तो तेव्हा तुरुंगात होता. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात होती. त्याआधी लाकडाचं नागडं टोक. थोरल्याला हा तुरुंगाचा भाग फार आवडला. मग त्याला सांगितलं की स्नूकर हा खेळ १८७५ च्या सुमारास आपल्याच जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. त्यावर तो म्हणाला, "मामी, तुमच्या एमपीत काय काय होतं हो!" पुणेकर कुठला. म्हटलं, बाळा, तुझ्या पुण्याचंही सांगते. विल्सन जोन्स पुण्यात जन्मला. १९५८ मध्ये कलकत्त्याला तो जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेता झाला, आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारा तो पहिला भारतीय. त्याला हे ठाऊक नव्हतं. शाळेत क्रिकेटशिवाय काय शिकवतात कोण जाणे.

शाफ्टवरच्या खोकेचं काम सगळ्यात गमतीचं. लाकडाचे तंतू दाबले गेले असतील तर ते वाफेने परत फुगतात. तुटले असतील तर नाही. नखाने चाचपून पाहिलं, कड धारदार लागली नाही, म्हणजे दाबलेलेच. सुती फडक्याची ओली घडी नेमकी खड्ड्यावर ठेवली आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवलं. चुर्रर्र. उचलून पाहिलं, पुन्हा टेकवलं. खड्डा डोळ्यांदेखत वर येतो, ते बघायला पोरांची डोकी एकमेकांवर आपटली. पाणी जपून वापरायचं, नाहीतर सगळ्या शाफ्टचेच तंतू उभे राहतात. एक रात्र वाळू द्यायचं, मग हजार नंबरचा रेगमाल अगदी हलक्या हाताने, मग मेण, मग कोरड्या चामड्याने घासून गरम करायचं. खड्डा जात नाही म्हणून रेगमाल मारत बसणारे लोक असतात. त्यांची शाफ्ट त्या जागी बारीक होते आणि मग बोटांमधून सरकताना प्रत्येक शॉटला ते जाणवतं. चार आण्याचा खड्डा घालवायला बारा आण्याची शाफ्ट घालवायची, हा हिशेब मला जमत नाही.

थोरला इथपर्यंत कंटाळून मोबाइलवर गेला होता. जाऊदे. धाकटा मात्र इस्त्री सोडेना. चुलतभाऊ दोघांच्या मधे. तेव्हा दुरुस्तीला बसवलं की पोरं सुधारतात वगैरे सिद्धांत माझ्या तोंडी घालू नका. माझं म्हणणं एवढंच की ज्याने मोडलं त्याला ते किती कामाचं आहे हे बघायला तरी मिळावं. जीपेने तेही मिळत नाही.

कूलरसमोरची स्टिक म्हणजे नुसतं दुःख. माळव्याचा कोरडा उन्हाळा, त्यात एका बाजूने रात्रभर ओला वारा, आणि तिरकी टेकवल्यामुळे मधे वजन. मेपलचं लाकूड आहे, ते वाकणारच. फक्त शाफ्ट टेबलावर लोळवली तर मधे उजेडाची फट दिसते, टोक नाचतं. लोक हेअर ड्रायर लावतात, वीट बांधून लटकवतात, काय काय करतात. लाकूड काही दिवस ऐकल्यासारखं करतं आणि पुन्हा आपल्या वळणावर जातं. बाक थोडा आहे, म्हणून मी ती ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फोडायचा शॉट, मारायला ठेवलीय. ब्रेकला जोर लागतो, नाजूकपणा नाही. स्टिक्स एकतर रॅकमध्ये सरळ उभ्या ठेवा नाहीतर केसमध्ये आडव्या. भिंतीला टेकवू नका, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

आता तलवारबाजीची. तिची शाफ्ट जॉइंटच्या (स्टिकचे दोन भाग जुळतात त्या जागेच्या) वर रेषेत चिरली आहे. गोंद भरून दोरा गुंडाळून देतो म्हणणारे दोघं भेटले. नको म्हटलं. चीर चिकटेल, पण प्रत्येक शॉटला ती कंप पावणार, आणि खेळणाऱ्याला ते कोपरापर्यंत कळतं. शाफ्टच बदलायला हवी. इथे पंचाईत अशी की आपल्याकडचे कारागीर स्नूकरवाले. त्यांचा हात ॲश लाकडावर, पितळी फेरूलवर, साडेनऊ-दहा मिलिमीटरच्या टिपेवर बसलेला. पूलची शाफ्ट तेरा मिलिमीटरची, प्लास्टिकच्या फेरूलची. एकाने तर मला सरळ सांगितलं, "मॅडम, काट के स्नूकर की बना देता हूँ." म्हणजे पाय दुखतोय तर चप्पलच बदलून देतो.

या एका बाबतीत भाऊजींचे पैसे मी घेणार आहे, कारण नवी शाफ्ट घरी बनत नाही. पण निम्मे. उरलेले निम्मे पोरांनी आपल्या खाऊच्या पैशांतून द्यायचे ठरलंय, आणि थोरल्याने त्यावर "मी तर फक्त एक वार केला होता" अशी घासाघीस सुरू केली आहे. ती दिवाळीपर्यंत चालेल.

तर इंदूर, देवास, महू, भोपाळ, कुठेही पूलची मेपल शाफ्ट करून देणारा, लेथवर हात बसलेला कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. जॉइंटची पिन ५/१६-१८ आट्यांची आहे, दुसरी चालणार नाही. "ऑनलाइन मागव" सांगू नका. मागवली होती, आटे जुळले नाहीत, परत पाठवली.